स्टर-फ्रायसाठी मांसाला पर्याय निवडताना आधी पाणी बघा

प्रश्न थोडक्यात असा: मांस सोडलंय, पण मोठ्या आचेवर भाज्यांबरोबर झटपट परतलेल्या चिकनच्या पट्ट्यांची सवय सुटत नाही. टोफू (सोयाच्या दुधाचं पनीर) घातला तर चुरा होतो, सोयाच्या वड्या चिवट लागतात आणि तयार ‘व्हेज चिकन’ वापरलं तर सगळंच खारट होतं. प्रोटीनही हवं आणि चावताना दाताखाली काहीतरी यायलाही हवं. मग घ्यायचं काय?

आधी सरळ उत्तर देतो. पहिल्यांदा करत असाल तर सगळ्यात घट्ट मिळेल तो टोफू घ्या, पाकिटात पाण्यात तरंगणारा नको, दाबून जवळजवळ कोरडा केलेला असेल तर फारच छान. चावायला मांसाच्या जवळचं हवं असेल आणि गहू चालत असेल तर सेतान, म्हणजे गव्हाच्या प्रोटीनचा गोळा. टेम्पेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीची, स्वतःची चव आवडली तर टेम्पे. सोयाच्या वड्या घरात असाव्यात, अडीनडीला उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर मेहनत घ्यावी लागते. आणि बर्गरसाठी केलेला ‘प्लांट-बेस्ड’ खिमा या कामासाठी मुद्दाम आणू नका.

आता कारणं. ती कळली की नवीन पाकीट समोर आलं तरी तुमचं तुम्हाला ठरवता येईल.

दुकानात माणूस पाकिटावर दोनच गोष्टी शोधतो: प्रोटीन किती आणि चव कुणासारखी. कढईत मात्र निकाल लागतो तो पाण्यावर. एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला ८० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४० लागतात. म्हणजे उकळी येईपर्यंतचा खर्च किरकोळ, खरी उष्णता खातं ते वाफ होणं. आणि पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभराच्या वर सरकत नाही. खमंग तपकिरी रंग, भाजल्याचा वास, हे सगळं साधारण १४० अंशांच्या पुढे जोरात सुरू होतं. थोडक्यात, ओलं आहे तोवर ते शिजतंय, परतलं जात नाहीये.

घरच्या शेगडीचा हिशोब करून बघा. ३ किलोवॅटचा बर्नर धरला आणि त्यातली निम्मी उष्णता कढईला मिळते असं मानलं, तर ५० ग्रॅम पाणी तापवून उडवायलाच जवळजवळ दीड मिनिट जातं. सगळा स्टर-फ्राय तीन-चार मिनिटांचा. त्यातलं दीड मिनिट वाफ काढण्यात गेलं तर तोवर सिमला मिरची मान टाकते आणि कढईच्या तळाशी राखाडी पाणी साचतं. हॉटेलातल्या वोकखाली (चिनी कढईखाली) याच्या कितीतरी पट मोठी ज्योत असते, म्हणून तिथे ओला टोफूही खपून जातो. घरी खपत नाही. घरी आच वाढवता येत नाही, पाणी कमी करता येतं.

तेव्हा पर्याय कुठलाही असो, त्याला दोन प्रश्न विचारायचे. कढईत पडल्यावर हा पाणी सोडणार का? आणि सॉस घातल्यावर हा तो पिणार की नुसता अंगावर घेणार? दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी लक्ष देत नाही, त्यावर शेवटी येतो.

टोफूवर जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात जास्त बदनाम तोच आहे. सोयाच्या दुधाला मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट घालून ते फाडतात, आणि पुढे ते किती दाबलं यावर टोफूची जात ठरते. सिल्कन टोफू दाबतच नाहीत, तो डब्यातच जमतो. त्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं. तो कढईत टाकून उलथण्याने हलवला की चुरा होणारच, दोष करणाऱ्याचा नाही. फर्म म्हणून मिळतो त्यातही ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. एक्स्ट्रा फर्म त्याहून कमी. आणि चिनी स्वयंपाकात एक दाबून अगदी घट्ट केलेला प्रकार असतो, बऱ्याचदा सोया सॉस आणि मसाल्यात उकळून तपकिरी केलेला. तो वाकवला तरी मोडत नाही, बारीक पट्ट्या होतात, आणि काहीही पूर्वतयारी न करता थेट कढईत जातो. तो मिळत असेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून दिलेत तरी चालेल.

साधा फर्म टोफू असेल तर वजनाखाली दाबून ठेवा हे सगळेच सांगतात. बरोबर आहे, ३०० ग्रॅमच्या ठोकळ्यातून अर्ध्या तासात ४०-५० ग्रॅम पाणी सहज निघतं. पण मला त्याहून बरा वाटतो तो मिठाच्या पाण्याचा मार्ग. टोफूचे बोटभर जाडीचे तुकडे करायचे, पसरट भांड्यात ठेवायचे आणि वरून चांगलं खारट केलेलं, खळखळ उकळतं पाणी ओतायचं. पंधरा मिनिटांनी काढून कोरड्या सुती फडक्यावर पसरायचे. पाणी काढायला पाण्यातच बुडवायचं हे ऐकायला उलटं वाटतं. पण उष्णतेने टोफूचं बाहेरचं प्रोटीन आवळतं आणि आतलं पाणी बाहेर ढकलतं, आणि तुकडे गरम असल्याने फडक्यावर पृष्ठभाग भराभर सुकतो. शिवाय थोडं मीठ आत जातं. बोट लावून बघा: ओला टोफू बोटाला चिकटतो, हा चिकटत नाही, कातडी आल्यासारखा लागतो. एवढं झालं की अर्धं काम झालं.

सुरीने चौकोन कापण्याऐवजी हाताने तोडला तर आणखी चांगलं. खडबडीत कडा लवकर कोरड्या होतात, कुरकुरीत होतात आणि सॉस धरून ठेवतात. त्यावर चमचा-दोन चमचे कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलकेच खालीवर करायचं. कढई रिकामीच तापवायची, धुराची पहिली रेघ दिसली की तेल, आणि टोफू एका थरात. मग हात आवरायचा. सुरुवातीला तो तळाला चिकटतो, तेव्हाच लोक घाबरून उलथणं घालतात आणि तिथेच तो फाटतो. दीड-दोन मिनिटं थांबा, खालची कातडी भाजली गेली की तो आपणहून सुटतो. बारीक चुरचुर चालू असते तोवर पाणी जातंय, आवाज कोरडा आणि तडतडीत झाला की उलटा. ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची आहे. धूर येईस्तोवर तापवायचं ते लोखंडी किंवा कार्बन स्टीलच्या भांड्यात. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे खराब व्हायला लागतो आणि रिकाम्या तव्यावर तिथे पोचायला फार वेळ लागत नाही.

टोफू गोठवण्याचंही सांगायला हवं. ठोकळा फ्रीझरमध्ये टाकला की आत बर्फाचे स्फटिक वाढतात आणि प्रोटीनला बाजूला सारून जाळी करतात. वितळवून दोन तळव्यांमध्ये दाबला की पाणी धो धो निघतं आणि हातात राहतो तो स्पंज. हा तुटत नाही, चावायला लागतो आणि सॉस ओढून घेतो. जपानमध्ये गोठवून वाळवलेला टोफू याच तत्त्वावर करतात. माझं मत विचाराल तर रश्श्याच्या पदार्थात तो उत्तम, स्टर-फ्रायमध्ये मात्र जपून. नीट पिळला नाही तर कढईत त्याच्या पोटातलं पाणी बाहेर येतं आणि आपण होतो तिथेच.

एक गोष्ट जाता जाता. ज्या स्वयंपाकातून हा झटपट परतण्याचा प्रकार आला, त्यात टोफू नेहमीच ‘मांसाऐवजी’ नसतो. मापो टोफू या तिखट चिनी पदार्थात टोफूबरोबर मांसाचा खिमाही असतो. त्यामुळे टोफूकडून चिकनची नक्कल करून घेण्याचा हट्ट सोडला तर निम्म्या तक्रारी मिटतात.

नक्कलच हवी असेल तर सेतान. गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्यात धूत राहिलं की स्टार्च निघून जातो आणि उरतो तो ग्लूटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रोटीनचा, लवचिक गोळा. चीनमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात हा जुना पदार्थ आहे. तयार ग्लूटेन पावडर मिळते, तिच्यात साधारण ७५ टक्के प्रोटीन असतं, ती मळून घरी करता येतो. स्टर-फ्रायच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण म्हणजे तो कढईत फारसं पाणी सोडत नाही. भराभर रंग येतो, कितीही हलवा, तुटत नाही.

पण घरी केलेला सेतान बिघडतो तो शिजवताना. खळखळ उकळत्या पाण्यात टाकला तर फुगतो, आत भोकं पडतात आणि चावताना पचपच लागतो. पाणी नुसतं थरथरत राहील एवढ्याच आचेवर ठेवायचा, किंवा घट्ट गुंडाळून वाफवायचा. मग तो रात्रभर फ्रीजमध्ये. गरम असताना कापला तर सुरीला ओढला जातो. थंड झाल्यावर पातळ, तिरके काप पडतात, आणि हाताने सोलल्यासारखा ओढला तर धाग्याधाग्याने सुटतो. तो सोललेला पृष्ठभाग कढईत फार सुंदर लागतो. नुसत्या ग्लूटेनचा फार ताणला जातो असं वाटलं तर मळताना त्यात थोडा कुस्करलेला टोफू किंवा चण्याचं पीठ घाला, पकड सैल होते. कढईत मात्र दोन मिनिटांत काढा. जास्त वेळ ठेवला की बाहेरून कडक आणि आतून चिवट. गव्हाच्या प्रोटीनमध्ये लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असतं, तेव्हा रोजच सेतान खाणार असाल तर जोडीला सोया किंवा कडधान्य असू द्या. सीलिएक (ग्लूटेन न सोसणारा आजार) असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊच नये.

टेम्पे इंडोनेशियाचा. शिजवलेल्या सोयाबीनवर रायझोपस जातीची बुरशी ३० अंशांच्या आसपास दिवस-दोन दिवस वाढू देतात, ती सगळे दाणे एकमेकांना विणून घट्ट वडी करते. पाणी टोफूपेक्षा बरंच कमी, प्रोटीन १०० ग्रॅममध्ये १९-२० ग्रॅम. कढईत वागायला सरळ आहे. खटकतो तो त्याचा किंचित कडवटपणा. त्यावर उपाय म्हणजे पातळ काप करून आधी दहा मिनिटं वाफवायचे. कडवटपणा उतरतो आणि काप मऊ होऊन सॉस घ्यायला तयार होतात. वाफवल्यावर ते पुन्हा कोरडे होऊ द्यायला विसरू नका. विकत घेताना वासावर जा: मशरूमसारखा वास चांगला, अमोनियाचा झोंबणारा वास म्हणजे जास्त पिकला. काळे डाग बुरशीच्या बीजाणूंचे असतात, त्यांनी काही होत नाही. गुलाबी, हिरवा रंग किंवा बुळबुळीतपणा दिसला तर टाकून द्या. टेम्पेला मांसाची चव नाही आणि ती येणारही नाही. ज्यांना आवडतो त्यांना तो त्याच्या स्वतःच्या दाणेदार, खमंग चवीसाठी आवडतो.

सोयाच्या वड्यांची गंमत अशी की त्या कोरड्या असतात, म्हणजे पाण्याचा प्रश्नच नको, आणि आपणच त्या पाण्यात बुडवतो. तेल काढलेल्या सोयाच्या पिठापासून, दाबाखाली तापवून आणि फुगवून केलेल्या या वड्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी पितात. कोरड्या वडीत प्रोटीन पन्नास टक्क्यांच्या आसपास असतं, पण भिजल्यावर त्याच हिशोबाने पातळ होतं, पाकिटावरचा आकडा वाचताना हे लक्षात ठेवा. गोल वड्यांऐवजी चपट्या पट्ट्या घ्या. गोल वडी कढईला एका टिंबाएवढी टेकते आणि पोटात पाणी दडवून ठेवते. उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, मग पिळायच्या, गार पाण्यात चोळून पुन्हा पिळायच्या. पहिलं पाणी फेकाच. सोयाचा तो कच्चट वास आणि पोटात गॅस करणाऱ्या साखरेचा काही भाग त्याच्याबरोबर जातो. नंतर थोड्या गरम स्टॉकमध्ये आलं, लसूण, सोया सॉस घालून त्यात मुरवायच्या आणि परत एकदा पिळायच्या, या वेळी जरा दयेने. मग कॉर्नफ्लोअर आणि कढई. एवढं केलं तर चिवटपणाची तक्रार राहत नाही. कंटाळा करायचा असेल तर दुसरं काहीतरी निवडा.

तयार पदार्थांत दोन वेगळी घराणी आहेत आणि पाकिटावरून ती चटकन ओळखू येत नाहीत. एकात तुकडे किंवा पट्ट्या असतात: वाटाणा किंवा सोया प्रोटीनचा ओला लगदा दोन मळसूत्रांच्या यंत्रातून तापवून पुढे लांब, थंड साच्यातून सरकवतात, त्यात धागे एका दिशेने जुळतात. हे तुकडे आधीच शिजलेले असतात, चावायला चांगले, स्टर-फ्रायला योग्य. फक्त रंग आणायचा आणि बाहेर काढायचे.

दुसरं घराणं खिम्याचं, बर्गरसाठी केलेलं. त्याला बांधून ठेवतं ते बहुधा मिथाइलसेल्युलोज, आणि त्याचा स्वभाव उलटा आहे: गरम झालं की घट्ट होतं, गार झालं की सैल. त्यामुळे गार खिमा कढईत टाकून लगेच हलवायला लागलात तर लगदा होतो. त्यात बऱ्याचदा खोबरेल तेल असतं, ते २४-२५ अंशांनाच वितळतं आणि कढईत तेलाचं तळं होतं. वापरायचाच असेल तर स्वतःचं तेल जवळजवळ घालू नका, पातळ थर पसरून न हलवता घट्ट होऊ द्या आणि मग मोठे तुकडे तोडा. फरसबीबरोबर किंवा नूडल्सवर तो ठीक लागतो. इम्पॉसिबल फूड्सने २०१६ मध्ये आणलेल्या बर्गरची ख्याती ‘हीम’मुळे; ते येतं सोयाच्या मुळांत सापडणाऱ्या आणि यीस्टकडून बनवून घेतलेल्या, रक्ताच्या रंगाच्या प्रोटीनमधून. तव्यावर लाल ते तपकिरी होताना ते बघायला छान वाटतं. सोया सॉस, लसूण आणि मिरचीखाली तो गुण शोधूनही सापडत नाही.

मायकोप्रोटीन तांत्रिकदृष्ट्या वनस्पती नाही, बुरशी आहे. ब्रिटनमध्ये १९८५ पासून क्वॉर्न या नावाने मिळतं. त्याचे धागे नैसर्गिक असतात आणि चावायला चिकनच्या जवळ जातात. रंग कमी येतो, सॉस चांगला घेतो. अंडं खात नसाल तर पाकीट उलटून वाचा, बऱ्याच प्रकारांत अंड्याचा पांढरा भाग असतो.

मशरूम आणि फणसाबद्दल लोक हमखास विचारतात. किंग ऑयस्टर मशरूम उभा चिरून किंवा फाडून परतला तर चावायला उत्कृष्ट, कारण त्याच्या पेशींना कायटिन या चिवट पदार्थाचा आधार असतो आणि तो शिजून मेण होत नाही. पण प्रोटीन १०० ग्रॅममध्ये तीनच ग्रॅमच्या आसपास. म्हणून टोफूचा जोडीदार म्हणून घ्या. कोवळ्या फणसात प्रोटीन त्याहून फार वेगळं नाही आणि तो मंद आचेवर मुरायला हवा. या कढईत त्याचं काम नाही.

आता सॉस. पिळलेल्या वड्या, गोठवलेला टोफू आणि वाफवलेला टेम्पे सॉस पितात. त्यांना घट्ट सॉस दिला तर पहिले तुकडे सगळा पिऊन खारट होतात आणि भाज्या कोरड्या राहतात. इथे सॉस पातळ आणि थोडा जास्त. सेतान, तयार पट्ट्या आणि ताजा टोफू सॉस पीत नाहीत, अंगावर घेतात. तिथे सॉस कमी, आणि शेवटी चमचाभर कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घातलेला, म्हणजे तो तुकड्याला चिकटेल. ताज्या टोफूला रात्रभर मॅरिनेट करणं वाया जातं, आत आधीच पाणी भरलेलं आहे. भाजून झाल्यावर गरम टोफूवर सॉस घाला, चव तिथेच लागते.

खारटपणाचं कोडंही इथेच सुटतं. एक टेबलस्पून साध्या सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २००० च्या आत राहा म्हणते. तयार पट्ट्यांत मीठ आधीच असतं, त्यावर नेहमीचा सॉस म्हणजे दुप्पट. तयार माल वापरताना सोया सॉस निम्मा करा, त्याऐवजी तांदळाचा व्हिनेगर, आलं आणि कांद्याची पात वाढवा. ग्लूटेन टाळायचं असेल तर सोया सॉसही बघून घ्या, साध्यात गहू असतो. तामारी या जपानी सोया सॉसमध्ये बहुधा नसतो, तरी लेबल वाचाच.

क्रम कुठल्याही पर्यायाला एकच. तो आधी, एकटा, एका वेळी २००-२५० ग्रॅमपेक्षा जास्त नाही. रंग आला की ताटलीत काढा. मग आलं-लसूण, मग भाज्या, भाज्या अजून करकरीत असतानाच तो परत आत, सॉस कढईच्या कडेने, दोनदा उलटसुलट, आणि आच बंद करून तिळाचं तेल.

उरलं तर टोफूची कुरकुरीत कातडी फ्रीजमध्ये मऊ पडणार, त्याला इलाज नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हपेक्षा तापलेल्या कढईत दोन मिनिटं परतलेलं बरं. खिम्याचा प्रकार गार झाल्यावर पिठूळ लागतो, तो गरम केल्यावर पुन्हा बांधला जातो, थंड चाखून टाकून देऊ नका. डब्यात नेऊन थंडच खायचं असेल तर मात्र सेतान किंवा टेम्पेच करा.